स्पर्धा कायद्याच्या वकिलाची सेवा : वणी भागातील एका डाळ मिलचा अनुभव

वणी तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची तूर डाळ मिल आहे आणि तिला जोडून सोयाबीन व हरभरा यांच्या स्वच्छता-प्रतवारीची यंत्रणा आहे. यंत्र पुरवणाऱ्या एका कंपनीशी आमचा वाद झाला, तेव्हा वकिलीची बहुतेक वर्षे स्पर्धा कायदा आणि गुंतागुंतीचे व्यापारी दावे यांत घालवलेल्या नागपूरच्या एका महिला वकिलांची सेवा आम्ही घेतली. सिमेंट, मोटारी, कोळसा अशा हजारो कोटींच्या प्रकरणांत वावरणाऱ्या वकिलाचा तालुक्याच्या डाळ मिलला काय उपयोग, हा प्रश्न आमच्या संचालक मंडळाच्या बैठकीत विचारला गेला होता आणि तो रास्तच होता. काम पूर्ण झाल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या सेवेत पैसे वसूल झाले ते मुख्यतः एका सल्ल्यामुळे : तुमचे प्रकरण स्पर्धा आयोगाचे नाही, तिकडे जाऊ नका, आणि का जाऊ नका हे तुमच्याच फाईलमधल्या कागदांवरून दाखवते.

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार मनाई आहे. माझ्या लिहिण्याचा तसा अर्थ लागू नये, अशी मॅडमची स्पष्ट सूचना असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. आणखी एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे सीसीआय म्हटले की कापूस महामंडळच डोळ्यांसमोर येते. स्पर्धा आयोगाचे इंग्रजी लघुरूपही तेच आहे. पुढे जिथे ‘आयोग’ असा उल्लेख आहे तो दिल्लीतील भारतीय स्पर्धा आयोगाचा, म्हणजे संगनमत आणि बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर यांच्या तक्रारी तपासून दंड करणाऱ्या संस्थेचा आहे.

मॅडमनी सुरुवात नागपूर खंडपीठात साध्या दिवाणी अपिलांपासून केली. स्पर्धा कायदा २००२ चा असला तरी त्याची खरी धार असलेली कलमे, म्हणजे संगनमताविरुद्धचे कलम ३ आणि बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्धचे कलम ४, ही २० मे २००९ पासून लागू झाली. त्याच वर्षी १९६९ चा मक्तेदारीविषयक एमआरटीपी कायदा रद्द झाला. त्या सुमारास त्या दिल्लीला गेल्या. कायदा नवा, निकालांची परंपरा नाही, ज्येष्ठ वकीलही कलमे वाचतच युक्तिवाद करणारे, अशा काळात कनिष्ठ वकिलाला जे काम एरवी बऱ्याच उमेदवारीनंतर हाती लागले असते ते लवकर मिळाले, असे त्या सांगतात. आयोगाने तपासाचा आदेश दिला की महासंचालकांचे कार्यालय कागदपत्रे मागवते, जबाब घेते, ईमेल तपासते आणि शेवटी अहवाल देते. त्या अहवालाला उत्तर लिहिणे, कोणता मजकूर व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवावा लागेल हे ठरवणे, साक्षीदाराची उलटतपासणी घेणे आणि अर्थतज्ज्ञांबरोबर बसून ‘संबंधित बाजारपेठ’ नेमकी कोणती याची आखणी करणे, यात त्यांची वर्षे गेली. युक्तिवादाला उभे राहण्याचा भाग त्यामानाने थोडा. बाकी सगळे वाचन. निवृत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर हे स्पर्धा अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले, तेव्हा नागपूर खंडपीठात वकिली केलेला माणूस त्या पीठावर बसला याचे दिल्लीत गेलेल्या नागपूरकर वकिलांना विशेष कौतुक वाटे, हेही त्या आवर्जून सांगतात. ते न्यायाधिकरण २०१७ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात विलीन झाले. पुढे घरच्या कारणाने मॅडम नागपूरला परतल्या आणि आता दिल्लीच्या कामाबरोबरच आमच्यासारख्यांची कामेही घेतात.

आमचा वाद कलर सॉर्टरचा होता. ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : डाळीचा पातळ थर कॅमेऱ्यासमोरून खाली घसरतो, डागी किंवा काळपट दाणा दिसताच इजेक्टर हवेचा झटका मारून तो बाजूला उडवतो. हे इजेक्टर झिजतात आणि बदलावे लागतात. आमच्या यंत्राचे इजेक्टर बाहेरच्या मिस्त्रीने बदलले की यंत्र पासवर्ड मागून बंद पडे. पासवर्ड कंपनीकडे, सुटे भाग कंपनीकडे, आणि दोन्ही मिळण्याची अट अशी की वार्षिक देखभाल करार कंपनीशीच केला पाहिजे. त्या कराराची रक्कम दर वर्षी चढत गेली. ऐन तुरीच्या आवकेच्या दिवसांत यंत्र थांबले आणि माल प्रतवारी न करता कमी भावाने विकावा लागला, तेव्हा मंडळातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, मक्तेदारी. कुणीतरी मोटार कंपन्यांच्या निकालाची बातमी शोधून आणली. २०१४ मध्ये आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात न विकल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता. आमचे प्रकरण अगदी तसेच आहे, असे समजून आम्ही वरोरा मार्गे नागपूर गाठले.

मॅडमनी तक्रार ऐकून घेतली, पण चर्चा केली ती फाईलवर. त्यांचा पहिला प्रश्न यंत्राच्या बिघाडाचा नव्हता. हे यंत्र घेण्यापूर्वी दुसरे कोणते घेता आले असते, असे त्यांनी विचारले. उत्तर फाईलमध्येच होते. यंत्र अनुदानातून घेतलेले असल्यामुळे तीन कंपन्यांची दरपत्रके जोडणे भाग होते आणि ती तिन्ही व्यवस्थित लावलेली होती. त्यांनी ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. वर्चस्वाचा गैरवापर सिद्ध करायचा तर आधी वर्चस्व सिद्ध करावे लागते. कायद्यात त्यासाठी ठराविक टक्केवारी नाही, पण बाजारातील वाटा, ग्राहकाचे अवलंबित्व, नव्या विक्रेत्याला येण्यातील अडथळे अशा गोष्टी पाहिल्या जातात. जिथे आमच्याच फाईलमध्ये तीन विक्रेते एकमेकांशी भावात झुंजताना दिसतात, तिथे त्यांपैकी एकाला बाजाराचा धनी म्हणणे अवघड आहे, हे त्यांनी समजावले.

मग मोटारींचे कसे, हा आमचा प्रश्न होताच. तिथे आयोगाने प्रत्येक कंपनीच्या सुट्या भागांची बाजारपेठ वेगळी धरली, म्हणजे आपापल्या भागांच्या बाजारात ती ती कंपनीच वर्चस्व असलेली ठरली, कारण मोटार घेणाऱ्या सामान्य ग्राहकाला पुढच्या अनेक वर्षांचा दुरुस्तीखर्च खरेदीच्या वेळी मोजता येत नाही आणि एकदा गाडी घेतल्यावर तो त्या कंपनीच्या भागांशी बांधला जातो. हे सांगून मॅडमनी आमच्या विक्रेत्याच्या दरपत्रकाचे तिसरे पान उघडले. त्यावर पाच वर्षांच्या देखभालीचा दर वर्षनिहाय छापलेला होता. याचा अर्थ, खरेदीच्या दिवशी पुढील खर्च आम्हाला माहीत होता, निदान माहीत असायला हवा होता, आणि आयोगासमोर हेच पान कंपनीचा वकील सर्वांत आधी उचलेल. आमच्या मंडळातील ज्येष्ठ काकाजींनी तेव्हा विचारले, “मंग मॅडम, केस करावच नाही म्हणता?” त्यावर त्यांनी तेच पान पुन्हा काकाजींच्या पुढे सरकवले. आयोगासमोर जो कागद आमच्या विरुद्ध जाणार होता, तोच करारभंगाच्या दाव्यात आमचा सर्वांत मजबूत पुरावा होता, कारण कंपनीने छापील दरापेक्षा कितीतरी जास्त रक्कम घेतली होती आणि बाहेरचा भाग लावल्यास यंत्र बंद पडेल अशी अट दरपत्रकात किंवा खरेदी आदेशात कुठेच नव्हती.

या एका बैठकीसाठी दिलेले शुल्क मला अजिबात जड वाटत नाही. आयोगाकडे ‘माहिती’ (तिथे तक्रारीला हेच नाव आहे) दाखल करणे वरकरणी सोपे दिसते. तक्रारदाराचे स्वतःचे नुकसान झालेच पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये समीर अग्रवाल प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण प्रथमदर्शनी तथ्य दिसले नाही तर आयोग कलम २६(२) खाली प्रकरण बंद करतो, आणि तपासाचा आदेश झालाच तरी पुढचा रस्ता फार लांबचा असतो. आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने कोळशाची प्रत आणि पुरवठा करारातील एकतर्फी अटी यांबद्दल कोल इंडिया, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महानदी कोलफिल्ड्स यांच्याविरुद्ध तक्रार केली. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आणि खाणी आमच्या वणीच्या अवतीभवती. आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये कोल इंडियाला १,७७३ कोटींचा दंड केला; अपिलानंतर फेरसुनावणी होऊन मार्च २०१७ मध्ये तो ५९१ कोटींवर आला; आणि कोल इंडियाला स्पर्धा कायदा मुळात लागू होतो की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२३ रोजी, लागू होतो असे सांगून, निकाली काढला. जिथे तक्रारदार स्वतः सरकारी वीज कंपनी आहे तिथे ही गत. तुरीची आवक जानेवारीत सुरू होते आणि आमच्या वर्षाचा हिशेब त्या काही आठवड्यांवर ठरतो. आमच्या मिलला दहा वर्षे चालणारा न्याय परवडणारा नव्हता.

कापूस पिकवणाऱ्यांना दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. बीटी कापसाच्या बियाण्यावर आकारल्या जाणाऱ्या तंत्रज्ञान शुल्काबद्दल आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये महिको मोन्सॅन्टो बायोटेकविरुद्ध तपासाचा आदेश दिला होता. विदर्भातल्या प्रत्येक कृषी केंद्रात त्या पाकिटांची रास लागते, त्यामुळे त्या आदेशाची इकडे मोठी चर्चा झाली. पेटंटच्या परवान्यासंबंधीच्या तक्रारीत आयोगाला अधिकार आहे का, यावरच उच्च न्यायालयात वर्षे गेली आणि जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो अधिकार पेटंट कायद्याखालचा आहे, आयोगाचा नाही, असा निर्णय दिला. शुल्क जास्त होते की नाही, याचे उत्तर त्या मार्गाने मिळालेच नाही. मॅडमना मी विचारले की इतक्या वर्षांचे काम असे अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर विरले तर वकिलाला काय वाटते. त्यांचे उत्तर कोरडे होते : अधिकारक्षेत्राचा मुद्दा हाही खटल्याचाच भाग असतो आणि मोठ्या कंपनीचा वकील सर्वांत आधी तोच काढतो. मला ते उत्तर प्रामाणिक वाटले, आवडले मात्र नाही.

आमच्या प्रकरणात त्यांनी व्यावसायिक न्यायालयाचा मार्ग निवडला. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यात दाव्याची किमान रक्कम आधी १ कोटी होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली आणि तालुक्यातील लहान उद्योगांसाठी हे दार खरे म्हणजे तेव्हा उघडले. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी कलम १२अ नुसार मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ठरवून दिले आहे. पुष्कळ वकील ही मध्यस्थी म्हणजे दाव्यापूर्वी पार पाडायचा एक सोपस्कार समजतात आणि समोरचा आला नाही की अहवाल घेऊन मोकळे होतात. मॅडमनी मध्यस्थीचीच तयारी खटल्यासारखी केली, आणि गुंतागुंतीच्या दाव्यांत घालवलेल्या वर्षांचा उपयोग मला येथे प्रत्यक्ष दिसला.

त्यांनी आमच्याकडून मूळ कागद मागवले. दरपत्रक, खरेदी आदेश, चलन, यंत्र बसवल्याचा अहवाल, प्रत्येक देखभाल भेटीची पावती. छायाप्रती त्यांना चालत नाहीत आणि त्याचे कारण आम्हाला लवकरच कळले. एका देखभाल पावतीच्या मागच्या बाजूला कंपनीच्याच मिस्त्रीने निळ्या पेनाने लिहिले होते, “पासवर्ड हेड ऑफिसकडे आहे. बाहेरचा पार्ट लावल्यास मशीन लॉक.” छायाप्रत काढताना मागची बाजू कुणीच काढली नव्हती. यंत्र आपोआप बिघडले, आम्ही बंद पाडले नाही, असा कंपनीचा लेखी पवित्रा होता; तिच्याच माणसाच्या हस्ताक्षरातील या दोन ओळींनी तो मोडीत निघाला. दुसरीकडे, बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत परगावच्या न्यायालयाचा उल्लेख होता आणि खरेदी आदेशात तो नव्हता. दावा कुठे चालणार यावर कंपनी वाद घालेल आणि त्यात महिने जाऊ शकतात, हे त्यांनी सुरुवातीलाच लिहून दिले. आपल्या बाजूचे दुबळे मुद्दे अशिलाला लेखी देणारा वकील मी तरी पूर्वी पाहिला नव्हता.

मध्यस्थी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत झाली. कायद्यात त्यासाठी तीन महिने आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी दोन महिने अशी मुदत आहे. कंपनीचा प्रतिनिधी आला, प्रारंभी ताठर राहिला, आणि पावतीची मागची बाजू पाहिल्यावर त्याचा सूर बदलला. शेवटी झालेल्या तडजोडीत पासवर्ड आमच्या ताब्यात आला, सुटे भाग छापील दराने आणि देखभाल कराराची अट न घालता द्यायचे ठरले, आणि जादा घेतलेल्या रकमेपैकी काही भाग पुढील खरेदीत वळता झाला. हंगामात कमी भावाने विकलेल्या मालाची भरपाई मिळाली नाही. ती मागणी सिद्ध करण्यासाठी रोजच्या भावाची आणि प्रतवारीची जी नोंद लागली असती ती आमच्या मिलमध्ये ठेवलेली नव्हती, म्हणून त्यावर अडून बसू नका, असा त्यांचा सल्ला होता. मंडळातील दोघांचा त्याला विरोध होता आणि तो आजही आहे. अशा तडजोडीला लवाद निवाड्याइतकेच कायदेशीर बळ असते, त्यामुळे कंपनीने शब्द फिरवला तर नव्याने दावा लावण्याची गरज पडत नाही.

या सेवेचा दुसरा भाग आम्ही मागितलेलाच नव्हता. फाईल चाळताना मॅडमना तालुक्यातील डाळ मिलवाल्यांच्या संघटनेचे एक इतिवृत्त सापडले. यंत्र कंपनीविरुद्ध संघटनेने ठराव केला होता, म्हणून आम्ही त्या रजिस्टरची पाने जोडली होती. त्याच पानावर, आमच्या ठरावाच्या वर, चालू हंगामासाठी भरडाईचा दर प्रतिक्विंटल अमुक इतका राहील आणि कोणीही त्याखाली काम घेणार नाही, असे “सर्वानुमते” ठरल्याची नोंद होती. वर्षानुवर्षे अशीच नोंद होत आली आहे. त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ मारली आणि यंत्राची चर्चा बाजूला ठेवून पुढचा सगळा वेळ याच ओळीवर घालवला.

स्पर्धकांनी एकत्र बसून दर ठरवणे, पुरवठा रोखणे, गिऱ्हाइके वाटून घेणे किंवा निविदेत संगनमत करणे, या चार गोष्टींत स्पर्धेला बाधा पोचली असे कलम ३(३) मध्ये गृहीतच धरले जाते. ती पोचली नाही हे दाखवण्याचा भार दर ठरवणाऱ्यांवर येतो. आम्ही लहान आहोत, शेतकऱ्यांनी घासाघीस करून आम्हाला तोट्यात ढकलू नये म्हणून दर ठरवतो, असा संघटनेच्या अध्यक्षांचा युक्तिवाद होता. तो माणूस म्हणून मला पटतो. कायद्यात मात्र लहानपणाची सूट नाही. औषध विक्रेत्यांच्या राज्य आणि जिल्हा पातळीवरील संघटनांविरुद्ध आयोगाने अनेक आदेश दिले आहेत, आणि कलम ४८ मुळे पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः दंड होऊ शकतो. एक दिलासा त्यांनी दिला : सगळ्यांचा दर सारखा दिसला एवढ्यानेच संगनमत सिद्ध होत नाही. गॅस सिलिंडर बनवणाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसे म्हटले आहे. परंतु रजिस्टरमध्ये सह्यांनिशी ठराव लिहून ठेवल्यावर त्या दिलाशाचा काही उपयोग राहत नाही.

संघटनेच्या बैठकीला त्या स्वतः आल्या आणि त्यांनी दोन प्रकरणे सांगितली. पहिले गोदामातल्या धुरीच्या गोळ्यांचे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या त्या गोळ्या आपण सगळेच वापरतो. अन्न महामंडळाच्या २००९ च्या निविदेत तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा तंतोतंत एकच दर भरला. महामंडळाच्या तक्रारीवरून तपास झाला, आयोगाने २०१२ मध्ये सरासरी उलाढालीच्या ९ टक्के दंड लावला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१७ रोजी संगनमत झाल्याचे मान्य करून दंड मात्र केवळ संबंधित उत्पादनाच्या उलाढालीवर धरायचा, असे ठरवले. दुसरे प्रकरण आणखी जवळचे, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा आणि वाळू वाहतुकीच्या निविदांचे. तिथे तक्रारदार कोळसा कंपनी होती आणि २०१७ मध्ये दहा वाहतूकदारांना दंड झाला. ट्रकवाल्यांनाही दंड होतो, हे ऐकल्यावर सभागृहातील कुजबुज थांबली, कारण उपस्थितांपैकी निम्म्यांचे भाऊबंद त्याच धंद्यात आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दंडाची कमाल मर्यादा मोजताना जगभरातील एकूण उलाढाल धरली जाते, हेही त्यांनी सांगितले. डाळ मिलची जगभरातील उलाढाल वणी ते हिंगणघाट एवढीच असल्यामुळे त्या वाक्यावर हशा पिकला, तरी मुद्दा सगळ्यांपर्यंत पोचला. दर ठरवण्याची प्रथा संघटनेने बंद केली आणि त्याऐवजी वीज, मजुरी, बारदाना यांचा सरासरी खर्च कसा काढावा याचे एक कोष्टक सदस्यांना दिले. त्यावरून ज्याने त्याने आपला दर स्वतंत्रपणे ठरवावा. संघटनेच्या व्हॉट्सॲप गटावर दराची चर्चा करू नये, अशी सूचनाही लागली आहे. ती पाळली जाते की नाही, हा वेगळा विषय.

आता उणिवा. सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. मॅडम बोलतात उत्तम मराठीत, अगदी आमच्या काकाजींना समजेल अशा, पण त्यांचे लेखी मत येते ते दाट इंग्रजीत. संचालक मंडळासमोर ते ठेवण्यासाठी आम्हाला तालुक्याच्या वकिलांकडून मराठी करून घ्यावे लागले आणि त्याचा खर्च वेगळा झाला. उलट बाजूने, आमचे इतिवृत्त, मिस्त्रीच्या पावत्या, तोलाईच्या चिठ्ठ्या मराठीत असल्याने त्यांचे इंग्रजी भाषांतरही आमच्याच माथी. शेतकरी कंपन्यांची कामे घ्यायची असतील तर दोन पानी मराठी सारांश देण्याची पद्धत त्यांनी सुरू केलीच पाहिजे, असे मी त्यांना सांगितले आहे.

दुसरे, फोनवर त्या सहसा मिळत नाहीत. दिल्लीतील सुनावणीच्या आठवड्यात तर कनिष्ठ सहकारीच बोलतात. ते हुशार आहेत, पण यंत्र आणि हंगाम यांची त्यांना कल्पना नाही. तूर आणि तूरडाळ यांच्या भावांत तफावत का असते, हे मला एकाला दोनदा समजवावे लागले. तिसरे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक तारखेला त्या येणार नाहीत हे त्या आधीच सांगतात, त्यामुळे स्थानिक वकील वेगळा लावावा लागतो आणि दोघांमध्ये कोणी काय करायचे हे अशिलालाच पाहावे लागते.

शुल्क टप्प्यांनुसार ठरते : फाईल वाचून लेखी मत, नोटीस, मध्यस्थी, आणि दावा लागलाच तर तो पुढे वेगळा. प्रत्येक टप्प्याची रक्कम आधी लेखी मिळते आणि कोणत्याही टप्प्यावर थांबता येते. तालुक्याच्या मानाने रक्कम मोठी आहे, यात शंका नाही, आणि दहा-पंधरा हजारांच्या वादासाठी ती परवडणार नाही. मिळालेल्या रकमेतील हिस्सा घ्या आणि आत्ता काही मागू नका, असा प्रस्ताव आमच्यापैकी एकाने ठेवला होता. निकालावर किंवा वसुलीच्या टक्केवारीवर शुल्क ठरवायला वकिलांना मनाई आहे, असे सांगून त्यांनी तो लगेच नाकारला. अशी टक्केवारी कुणी वकील स्वतःहून मागत असेल, तर त्याच्याकडे काम देण्यापूर्वी विचार करावा.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी जाण्यापूर्वी काही गोष्टी पाहून ठेवाव्यात. पुरवठादाराने अमुक दुकानातच विका, अमुक भावाखाली विकू नका, आमचे एक उत्पादन हवे तर दुसरेही घ्या, अशा अटी लेखी घातल्या असतील, एखाद्या निविदेत स्पर्धकांनी संगनमत केल्याचा संशय असेल, किंवा आपल्याच संघटनेच्या ठरावांची धास्ती वाटत असेल, तर हा वकील योग्य आहे. तक्रार जुनी होऊ देऊ नये. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आयोगाकडे माहिती देण्यासाठी कारण घडल्यापासून तीन वर्षांची मर्यादा आहे आणि उशीर माफ करून घ्यायचा तर सबळ कारण दाखवावे लागते. कागद मूळ न्यावेत, दोन्ही बाजू पाहून.

व्यापाऱ्याने मालाचे पैसे थकवले आहेत, एवढाच प्रश्न असेल तर मात्र तिथे जाऊ नये, आणि गेलात तर त्याच तुम्हाला परत पाठवतील. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठी त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तो अर्ज तालुक्यातील कुठलाही जाणता वकील किंवा तुमचा लेखापाल भरून देईल. उद्यम नोंदणी, बिले आणि माल पोचल्याच्या सह्या तेवढ्या हाताशी असू द्याव्यात.